कूस बदलली तर नाळ अडकते का?

आमच्या समुपदेशन कक्षात येणाऱ्या गरोदर बायका हा प्रश्न बहुतेक वेळा उठता उठता, हळूच विचारतात. नाशिकच्या सिडकोतली ही मुलगी मात्र तेवढ्यासाठीच आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पहिलीच खेप, तिसावा आठवडा, अंबडच्या एका कंपनीत पॅकिंगला. पाळीभर उभं राहून कंबर भरून यायची, रात्री पोटऱ्यांत गोळे, जेवून आडवं झालं की घशाशी आंबट. त्यात घरचा नियम: कूस बदलायची तर आधी उठून बसायचं, मग दुसऱ्या अंगावर व्हायचं, नाहीतर नाळ बाळाच्या गळ्याभोवती गुंडाळते.

"रात्रभर उठबसच चालते मॅडम. डोळा लागला की भीतीनेच जाग येते."

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, म्हणून दोघींना एकदमच सांगितलं. बाळ पिशवीतल्या पाण्यात तरंगत असतं. नाळ गुंडाळली जाते ती बाळाच्या स्वतःच्या हालचालींमुळे. आईच्या कूस बदलण्याचा तिच्याशी संबंध नाही. जन्मणाऱ्या दर चार-पाच बाळांत एकाच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा असतो आणि त्यातली बहुतेक सुखरूप जन्मतात.

"मग आम्ही काय उगाच उठून बसायचो?" सासूबाईंनी विचारलं.

अशा वेळी सुनेसमोर सासूला खोटं पाडलं, तर सल्ला घराच्या उंबऱ्यापाशीच संपतो. शिवाय त्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट उपयोगाची होतीच: अंथरुणातून झटक्यात सरळ उठू नये. आधी कुशीवर व्हावं, पाय खाली सोडावेत आणि हाताचा रेटा देऊन उठावं. कंबर वाचते. मुलीला तिथल्या खाटेवर निजवलं. दोन्ही गुडघे जुळवून वाकवायला लावले आणि खांदा, कंबर, गुडघे एकदमच वळवायला सांगितलं. एक उशी गुडघ्यांमध्ये, दुसरी पातळ घडी पोटाखाली. ती वळली, परत वळली. "एवढंच?" म्हणाली. सासूबाईंनी उशी जरा वर सरकवून दिली.

२८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवरच झोपावं. उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो. डावी कूस चांगली, पण उजवीही चालते. झोपेत उताणी झालीस तर घाबरायचं नाही, जाग आली की वळायचं.

गोळा आला की पाय सरळ करून चवडा स्वतःकडे ओढायचा. बोटं खाली ताणली तर तो आणखी आवळतो. पोट आड येतं, तेव्हा हे काम नवऱ्याचं. आंबट येण्यावर थोडं थोडं चार-पाच वेळा खाणं आणि रात्रीच्या जेवणानंतर दोनेक तास आडवं न होणं. मिसळ सुटणार नाही हे तिने आधीच सांगून टाकलं. मग ती सकाळी खा, तर्री बेताने. सोडा मात्र स्वतःच्या मनाने घ्यायचा नाही. लोहाची गोळी ती चहासोबत घेत होती. ती चहापासून दूर आणि कॅल्शियमपासून वेगळ्या वेळी घ्यायची. शौचाला काळं होतं ते लोहामुळे, त्याची भीती नको.

कंपनीचा विषय तिने काढलाच नव्हता, मीच काढला. बाळंतपणाच्या हक्कांच्या कायद्यानुसार (पूर्वी मातृत्व लाभ कायदा, १९६१; नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०) प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे सोडून त्याच्या मागच्या महिन्यात बाईने मागणी केली, तर तिला तासन् तास उभं राहण्याचं काम देता येत नाही. तिचा तो महिना नेमका सुरू होत होता. अर्जाचा मसुदा तिथेच लिहिला.

जाताना सासूबाईंना मुद्दाम थांबवलं, कारण घरात लक्ष त्यांचंच असणार. संध्याकाळी दोन्ही पाय थोडे सुजणं नेहमीचं. पण चेहरा-हात अचानक सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांसमोर अंधारी आली, बरगड्यांखाली दुखलं, एकच पोटरी सुजून दुखायला लागली, तळहात-तळपाय रात्री खाजायला लागले, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. गाडी नसेल तर १०८. त्यांनी सगळं पुन्हा म्हणून दाखवलं. खाज तेवढी विसरल्या, ती सुनेने सांगितली.