मी बारीक आहे, रोज अर्धा लिटर कोल्ड्रिंक पितो, वजन वाढत नाही. तरी शरीराला काही होतं का? कोल्ड्रिंकऐवजी खोक्यातला ज्यूस चालेल का?

होतं. तुमच्यासारखाच काडीपैलवान होतो मी, म्हणून लिहायला बसलो.

रात्रपाळीत रोज अर्ध्या लिटरची बाटली संपवायचो. त्यात साधारण 53 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत ठेवा, 25 च्या आत ठेवलीत तर उत्तम. म्हणजे एका बाटलीत दिवस आटोपला. वजन जागचं हलत नव्हतं, त्यामुळे माज होता. चौतिसाव्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी) 6.1 आला (5.7 च्या आत हवा, 6.5 पासून मधुमेह) आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी. डॉक्टर म्हणाले, पोट दिसत नाही याचा अर्थ आत काही साठत नाही असा नाही. साखरेतलं फ्रुक्टोज बहुतेक यकृतच हाताळतं, आणि ते भसाभस येत राहिलं की त्याची चरबी करतं. वर प्यायलेल्या साखरेने पोट भरल्यासारखं वाटत नाही, जेवण तेवढंच जातं.

मग मी शहाण्यासारखं कोल्ड्रिंक सोडलं आणि खोक्यातला ज्यूस सुरू केला. 'साखर घातलेली नाही' असं ठळक छापलेलं! सहा महिन्यांनी आकडा तसाच. तेव्हा कुठे खोक्याची मागची बाजू वाचली: 100 मिलिलिटरला 11 ग्रॅम. कोलाही तेवढ्यातच येतो.

नेमका त्याच सुमारास पुतण्या सुट्टीत राहायला आला. तो दिवसाला 200 मिलिलिटरचे तीन छोटे खोके प्यायचा. मी बंद केले, तर वहिनींनी सगळ्यांसमोर सुनावलं, "काकांना पुतण्याचा ज्यूसही परवडत नाही वाटतं." मी उठलो, वजनकाट्यावर 66 ग्रॅम साखर मोजली आणि वाटी त्यांच्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "ती फळातली साखर, वेगळी असते." दादा गप्प. मी कंजूष ठरलो तो आजतागायत.

तर वहिनी हे वाचत असतील तर: वेगळी नसते. फळ चावून खाल्लं की त्यातला चोथा साखर हळूहळू आत सोडतो, आणि दोन संत्र्यांत माणूस थांबतो. रस काढला की चोथा जातो आणि चार संत्री दोन मिनिटांत पोटात. म्हणूनच शंभर टक्के फळांचा रसही जागतिक आरोग्य संघटना त्याच मर्यादेत मोजते, फळ मोजत नाही. दातांचं तर विचारूच नका. साखरेवर जिवाणू आम्ल करतात आणि ज्यूस मुळातच आंबट असतो. दिवसभर घोट घोट पिणं एका दमात संपवण्यापेक्षा वाईट. पुतण्याच्या तीन दाढा भरून झाल्यात. त्यावरून मी एक अक्षर बोललेलो नाही, याची नोंद व्हावी.

दाढा फक्त ज्यूसनेच किडल्या असं मी म्हणत नाही. माझा आकडा आता 5.6 आहे, पण त्यात नुसतं पेय सोडल्याचा वाटा किती, सांगता येणार नाही. रात्रपाळीही सुटली आणि चालायलाही लागलो. शिवाय कुणी इन्सुलिन घेत असेल आणि साखर एकदम उतरली तर हेच पेय औषध असतं, साधारण 15 ग्रॅम साखर पोटात जाईल इतकं लगेच द्यायचं. तिथे माझं ऐकून हात आखडू नका.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पाणी किंवा बिनसाखरेचा चहा प्या. अगदीच राहवलं नाही तर आठवड्यातून एकदा, जेवणासोबत, छोटी बाटली. वर लगेच दात घासू नका, अर्धा तास जाऊ द्या. आणि उपाशीपोटीची साखर एकदा तपासून घ्या, बारीक असलात तरी.