हिरोला बायपोलर आहे आणि हिरोईनच्या प्रेमाने तो बरा होतो, वाचकांना पटेल का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या मुलामुलींसाठी कादंबरी लिहिताय, हिरोला बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी असा मानसिक आजार) आहे, हिरोईन आयुष्यात आल्यावर तो गोळ्या सोडतो आणि बरा होतो, हे पटेल का. पटेल ना, आरामात पटेल. आमच्या अख्ख्या खानदानाला पटलं होतं आणि त्यातल्या कोणी कादंबरी वाचलेली नव्हती.

माझ्या मावसबहिणीला, ताईला, स्थळ मामाने आणलं. अमळनेरकडचं, बागायती, मुलगा शिकलेला, दिसायला छान. "पोरगा जरा टेन्शन घेतो" एवढंच कानावर आलेलं, त्यावर मामाचं ठरलेलं वाक्य, "लगीन करी टाका, आपेआप बरा व्हई जाई." झालं. लग्न झाल्यावर सून आली आता गोळ्या कशाला म्हणून सासूबाईंनी त्या बंद केल्या आणि उरलेल्या कुरडयांच्या डब्यात तळाशी ठेवून दिल्या. ताईला पत्ताच नाही. सुरुवातीला तर तिला वाटलं काय नशीब काढलंय, दाजी रात्र रात्र जागून गप्पा मारायचे, शेर ऐकवायचे, अचानक उठून गाडी काढायचे, तुमच्या हिरोसारखेच सेम. मग झोपच गेली. रात्री तीनला व्यापाऱ्यांना फोन, कापसाची जिनिंग टाकायची म्हणून वहीत पानंच्या पानं हिशेब, आणि एके दिवशी घरात कोणाला न विचारता जागेचा इसार देऊन आले. ताईने अडवलं तर तीच वैरी. तिचं प्रेम कमी पडलं असं म्हणणार का तुम्ही? सासरचे म्हणत होतेच.

पाहुणे येणार म्हणून कुरडया तळायला डबा काढला तेव्हा खाली लिथियमच्या, म्हणजे बायपोलरवरच्या गोळ्यांच्या, स्ट्रिप सापडल्या. तिने नाव गुगल केलं, सासूबाईंशी एक शब्द भांडली नाही, भावाला बोलावलं आणि दाजींना धुळ्याला डॉक्टरकडे नेलं.

आता हा भाग तुमच्या कादंबरीत नसणार कारण तो रोमँटिक नाहीये. लिथियमची लेव्हल रक्तात ठरावीक लागते, कमी झाली तर उपयोग नाही आणि जास्त झाली तर विषारी, म्हणून रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, शिवाय किडनी आणि थायरॉईड तपासत राहायचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला जातो, घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं की ही लेव्हल वर चढते, हे धुळ्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच उन्हाळ्यात बजावलं होतं. दाजींचे हात थरथरतात, चहाची बशी दोन्ही हातांनी धरतात, पाहुण्यांसमोर चहा नकोच म्हणतात. आणि ताई कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाखाली बारीक पेनने ते किती तास झोपले ते लिहिते, कारण झोप कमी व्हायला लागली की काहीतरी सुरू होतंय हे तिला आधी कळतं. मला विचाराल तर प्रेम हेच आहे, पण ते कोणी कव्हरवर छापत नाही.

आज दाजी व्यवस्थित दुकान सांभाळतात आणि मामा दर लग्नात माझ्याजवळ येऊन "देख, लगनमुळे सुधरना का नही?" सगळं क्रेडिट लग्नाला, म्हणजे स्वतःला. इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्या माझ्या मैत्रिणी मामाला अडाणी म्हणतात आणि स्वतः जी पुस्तकं उशाशी घेऊन रडतात त्यात मामाचंच म्हणणं असतं, फक्त मुलगा जरा हँडसम.

नीट लिहिलेलं वाचायचं असेल तर जॉन ग्रीनची 'टर्टल्स ऑल द वे डाऊन' वाचा, 2017 ची. लेखकाला स्वतःला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार डोक्यात परत परत येत राहण्याचा आजार. त्यात मुलगा आहे, प्रेम आहे, पण किस घेतला की त्याचे जंतू आपल्यात आले हेच त्या मुलीच्या डोक्यात फिरत राहतं, प्रेमाने ते थांबत नाही. आणि आपल्याकडे 1969 चा 'खामोशी' बघा, प्रेमाचं नाटक करून पेशंट बरा करायला लावलेली नर्स शेवटी स्वतःच पेशंट होते. पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी तुम्ही अजून तोच प्रश्न विचारताय.

सोबत काहीच कामाची नाही असं मी म्हणत नाहीये हां, घरचं माणूस सोबत असलं की गोळ्या वेळेवर जातात, डॉक्टरची तारीख चुकत नाही. आणि बायपोलर असलेल्याने लग्न करू नये असं तर अजिबातच नाही. समोरच्याला आधी सांगा, बस. हिंदू विवाह कायद्यात कलम 12 आहे, महत्त्वाची गोष्ट लपवून फसवून लग्न लावलं तर ते रद्द करून मागता येतं, फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत. ताईला हे वकिलाने सांगितलं होतं, तिने तो रस्ता घेतला नाही, तो तिचा निर्णय. पण मामाने हे क्रेडिट घेताना लक्षात ठेवावं की ती गेली असती तर कायदा तिच्या बाजूला होता.

तुमच्या हिरोला गोळ्या सोडायला लावायच्याच असतील तर पुढच्या प्रकरणात त्याला इसार पण देऊ द्या. पुस्तक झालं की लिंक टाका, मामाला पाठवते, वाचणार नाही तो पण पाठवते.