स्लिंग घट्ट केली की गोळ्या सरकतात, नळी वाकते का?

प्रश्न: क्लबमध्ये पॉइंट २२ रायफलने ५० मीटर मारतो. स्लिंग, म्हणजे दंडाला अडकवायचा रायफलचा पट्टा, आवळली की सगळा ग्रुप, म्हणजे लागलेल्या गोळ्यांचा पुंजका, बाजूला जातो. नळीच वाकत असेल का, कसं तपासायचं?

उत्तर: वाकू शकते, डोळ्याला दिसणार नाही इतकी. पण ५० मीटरवर नळीचं तोंड कोनात एक मिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, जरी हललं तरी गोळी साडेचौदा मिलिमीटर सरकते आणि आपलं दहाचं वर्तुळ अख्खं १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे गेलाच की पॉइंट!

आधी रायफल रिकामी आहे ना बघा, मग नळी आणि तिच्याखालच्या रायफलच्या लाकडाच्या मधून कागदाची पट्टी सरकवा, स्लिंग ताणून परत सरकवा. अडकली तर लाकूड नळीला दाबतंय. मग एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या, गोळ्या घ्या, वाळूची पिशवी नळीखाली नको, लाकडाखाली ठेवा, आणि पाच गोळ्या स्लिंग ताणून, पाच सैल, असं आलटून पालटून मारा, नाहीतर नळी तापल्याचा फरक स्लिंगच्या नावावर जातो. सगळ्यात भारी ग्रुप निवडून खूश होऊ नका प्लीज, प्रत्येक ग्रुपचा मध्य मोजा. मध्य सरकला तर दाब, आणि मध्य तिथंच पण गोळ्या उभ्या रेषेत पसरल्या तर नळीची थरथर किंवा गोळ्यांचा कमीजास्त वेग, तिथं आधी लॉट बदलून बघा.