प्रशासक चांगला असेल तर नगरसेवक कशाला?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ सरकारने नेमलेल्या प्रशासकाने कारभार पाहिला, तरी शहर चाललंच. मग टक्केवारीवाले नगरसेवक हवेतच कशाला?

टक्केवारीबद्दल वाद घालत नाही. नगरसेवक अधिकाऱ्यांपेक्षा प्रामाणिक असतात असं कुणी म्हणालं तर सिडकोतल्या चहाच्या टपरीवर लोक हसतील.

पण प्रशासकाच्या काळात राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, काय होत होतं ते बघा. आयुक्तच प्रशासक. आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा त्यानेच, आणि महासभा व स्थायी समितीच्या वतीने मंजूर करायचा तोही त्यानेच. माणूस सज्जन असेलही. पण उद्या त्याचं मन फिरलं किंवा मंत्रालयातून बदलीचा आदेश आला, तर तुम्ही काय करणार? फिलिप पेटिट नावाचा तत्त्वज्ञ यावरच बोट ठेवतो: मालक कनवाळू आहे म्हणून गुलाम स्वतंत्र होत नाही, कारण मालकाची मर्जी कधीही बदलू शकते. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने तर १८६१ मध्येच सर्वगुणसंपन्न हुकूमशहा गृहीत धरून त्यालाही नकार दिला होता. अशा राज्यात लोकांची सार्वजनिक प्रश्नांवर डोकं चालवायची सवयच जाते, ही त्याची तक्रार.

नाशिककराला खरं तर मिलपर्यंत जायची गरज नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याबद्दल बाबासाहेबांनी १९३४ मध्ये दादासाहेब गायकवाडांना स्पष्ट लिहिलं की अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा नव्हता. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात चेतना यावी म्हणून होता. एखाद्या दिवशी मेहेरबानीने दार उघडलं असतं तर तो प्रश्न मिटला असता का?

आता तपोवन. कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, म्हणजे साधुग्रामासाठी, नाशिकच्या या भागातली झाडं तोडायची म्हटल्यावर लोकांनी हरकती घेतल्या, आंदोलन केलं. पण सभागृहात उभं राहून आयुक्तांना अडवायला निवडून आलेला एकही माणूस नव्हता. नगरसेवकांनी झाडं वाचवलीच असती असं मी म्हणत नाही, काही जण ठेकेदाराच्याच गाडीतून सभेला आले असते! तरी बाजू घ्यावी लागली असती, ती नावासकट इतिवृत्तात आली असती, आणि पुढच्या निवडणुकीत दारात मत मागायला आल्यावर ते इतिवृत्त त्यांच्यासमोर धरता आलं असतं. प्रशासक तुमच्या दारात मत मागायला कधीच येत नाही.

टक्केवारीचा राग असेल तर तो कागदावर काढा. तुमच्या गल्लीतल्या रस्त्याचा कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) माहिती अधिकारात मागवा, आणि पुस्तिकेतली लांबी-रुंदी टेप घेऊन रस्त्यावर तपासा. फरक सापडला तर तक्रार प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना एकाच वेळी द्या, प्रत्येकाची पोच घ्या. नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतात.