अमेरिकेतल्या पब्लिक लँडवरच्या ट्रेल्सवर ई-बाईक्सना परवानगी असावी का?

तुम्ही विचारलंय की डेन्व्हरजवळ राहणाऱ्या तुमच्या भावाने ई-माउंटन बाईक घेतली, एका ट्रेलवर कोणी काही बोललं नाही आणि दुसऱ्या ट्रेलवर लोकांनी थांबवून चार शब्द सुनावले, तर मुळात सरकारी जमिनीवरच्या ट्रेल्सवर ई-बाईक चालू द्यावी की नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. पेडल मारल्याशिवाय जी चालत नाही आणि ताशी २० माईलला, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरला जिची मोटर मदत थांबवते ती क्लास १ ई-बाईक चालू द्यावी, पण जिथे साधी सायकल आधीपासून चालते तिथेच, आणि तेही त्या त्या ट्रेलचा चढ, वळणं आणि गर्दी बघून. थ्रॉटल, म्हणजे पेडल न मारता मोटर चालवायची हँडलवरची मूठ किंवा बटण, असलेली गाडी कच्च्या ट्रेलवर नको. आणि वॉशिंग्टनमधून एका कागदावर सरसकट हो किंवा सरसकट नाही असं तर अजिबातच नको.

मी कोलोरॅडोत राहते, स्वतः साधी माउंटन बाईक चालवते, घरात नवऱ्याची ई-बाईक आहे (गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घेतली), आणि सीझनमध्ये ट्रेल दुरुस्तीला व्हॉलंटियर म्हणून जाते, त्यामुळे दोन्ही बाजूंचं बोलणं मी घरातच ऐकते म्हणा ना.

आधी तुमच्या भावाचं काय झालं असणार ते. इथे "पब्लिक लँड" म्हणजे एकाच मालकाची जमीन नाही. डोंगर तोच, झाडं तीच, पण एक तुकडा काउंटीचा, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, पुढचा स्टेट पार्कचा, त्याच्या पुढचा केंद्राच्या फॉरेस्ट सर्व्हिसचा, आणि प्रत्येकाचा नियम वेगळा. जेफरसन काउंटीच्या ओपन स्पेसमध्ये, म्हणजे काउंटीने राखलेल्या मोकळ्या जमिनींवर, कच्च्या ट्रेल्सवर क्लास १ चालते. त्याच काउंटीत बफेलो क्रीकला गेलात तर ती जमीन पाईक नॅशनल फॉरेस्टची, तिथले सिंगलट्रॅक, म्हणजे एकामागून एकच जाता येईल एवढे अरुंद ट्रेल्स, नॉन-मोटराइज्ड, म्हणजे तीच गाडी तिथे बेकायदा. आणि तिथून जवळच रॅम्पार्ट रेंजला डर्ट बाईक्सचे ट्रेल्स आहेत, तिथे पेट्रोलची मोटारसायकल चालते म्हटल्यावर ई-बाईकला कोण अडवणार. नवीन माणसाला हे कळणार कसं? ट्रेलच्या सुरुवातीचा बोर्ड नीट वाचला तरच, आणि पार्किंगमधून उतरून आधी बोर्ड वाचणारे लोक किती असतात ते तुम्हालाही माहितीये.

हा गोंधळ काही प्रमाणात वरूनच आलाय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे इंटिरियर सेक्रेटरी, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याचे मंत्री, डेव्हिड बर्नहार्ट यांनी आदेश काढला की त्यांच्या खात्याखालच्या संस्थांनी, म्हणजे नॅशनल पार्क सर्व्हिस, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट वगैरेंनी, ई-बाईकला मोटार वाहन न धरता सायकलसारखं वागवावं. पार्क सर्व्हिसने तर दुसऱ्याच दिवशी धोरण जाहीर केलं. आधी अभ्यास नाही, पर्यावरणावर काय परिणाम होईल याची तपासणी नाही. मग अर्थातच लोक कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं की नियम रद्द करत नाही पण तपासणी करायला हवी होती, ती आता करा. फॉरेस्ट सर्व्हिस ॲग्रिकल्चर खात्याखाली येते त्यामुळे तो आदेश तिला लागूच नव्हता, तिच्या लेखी ई-बाईक अजूनही मोटार वाहन आहे. तरी त्याच २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टाहो नॅशनल फॉरेस्टने शंभराहून जास्त माईलच्या नॉन-मोटर ट्रेल्सवर क्लास १ चालू करून टाकली, घोडेस्वारांच्या आणि पर्यावरणवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि ते मागे घ्यावं लागलं. मला यात वाईट याचं वाटतं की घाई केल्यामुळे ज्या ट्रेल्सवर कदाचित कोणाची हरकतही आली नसती तिथेसुद्धा कायमची दोन टोळकी पडली.

वाइल्डरनेस, म्हणजे मुद्दाम अस्पर्श ठेवलेलं रान, म्हणून जाहीर झालेल्या भागाचा तर प्रश्नच नाही. १९६४ च्या कायद्याने तिथे मोटर तर नाहीच पण साध्या सायकललाही बंदी आहे, आणि ती तशीच राहावी असं मला मनापासून वाटतं. सगळीकडे चाक पोचलंच पाहिजे असं काही नाही.

आता खरा मुद्दा, ज्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. लोक म्हणतात ई-बाईकने ट्रेल उखडतो. मातीचं म्हणाल तर क्लास १ बद्दल मला ती भीती फारशी वाटत नाही. २०१५ मध्ये ओरेगॉनमध्ये एक चाचणी झाली होती, साधी माउंटन बाईक, क्लास १ ई-बाईक आणि पेट्रोलची डर्ट बाईक एकाच तऱ्हेच्या ट्रेलवर चालवून किती माती सरकते ते मोजलं, तर ई-बाईक साध्या सायकलच्या आसपासच निघाली आणि डर्ट बाईक कितीतरी जास्त. चाचणी छोटी होती पण ट्रेलवर काम करताना जे दिसतं त्याच्याशी ते जुळतं. आम्ही वसंतात जी चाकोरी बुजवायला जातो ना, ती पडते बर्फ वितळून चिखल झालेला असताना कोणीतरी हट्टाने सायकल घातली म्हणून. मग पाणी त्या चाकोरीतून धावतं, पाणी बाजूला काढायला केलेला चर भरून जातो, आणि एका उन्हाळ्यात वीतभर खोल घळ होते. त्यात मोटर होती की नव्हती याने काहीएक फरक पडत नाही, ओल्या ट्रेलवर गेला तो दोषी.

फरक पडतो तो चढावरच्या वेगाने. हे कोणी नीट बोलतच नाही. उतारावर सगळेच सुसाट असतात, तिथे ई-बाईक जड, वीस-पंचवीस किलोची, उलट वळवायला कठीण, आणि २० माईलच्या वर मोटर मदत करतच नाही. पण चढ बघा. खडा चढ असला की माझा वेग ताशी चार-पाच माईल, मी फासफूस करत येत असते, दहा पावलांवरून ऐकू येते. नवरा टर्बो मोडमध्ये त्याच चढावर दहा-बारा माईलने येतो आणि त्याचा श्वासही वाढलेला नसतो. आता अरुंद ट्रेल, बाजूला स्क्रब ओकची दाट झुडपं, आणि आंधळं वळण. वरून कोणी उतरत असेल तर इथला रिवाज असा की उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, आणि उतरणाऱ्याचा अंदाज इतक्या वर्षांच्या सवयीने बसलेला असतो की खालून येणारा हळू येणार, ब्रेकला वेळ मिळेल. तो वेळ बराच कमी होतो. एकदा आमच्या समोरच एका घोडेस्वार बाईंच्या मागून खालच्या बाजूने एक जण असा वर आला, आवाज नाही, घंटी नाही, आणि घोडा बिचकून थेट कड्याच्या बाजूला दोन पावलं सरकला. कोणाला लागलं नाही, पण त्या बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. घोडेवाल्या संघटना विरोध करतात तेव्हा लोक म्हणतात हे जुनाट लोक आहेत, तर तसं नाहीये, त्यांच्या खाली पाचशे किलोचा जीव असतो जो घाबरला की काहीही करू शकतो.

म्हणून ट्रेल बघून ठरवा म्हणते. रुंद फायर रोड (वणव्याच्या वेळी गाड्या जाव्यात म्हणून केलेला कच्चा रस्ता), लांबवर दिसतंय, बिनधास्त द्या. एकाच दिशेने चालणारा ट्रेल असेल तर समोरासमोर यायचा प्रश्नच नाही, तिथेही द्या. दोन्ही दिशांनी वर्दळ असलेला, घोडे, हायकर्स, लहान मुलं सगळे असलेला अरुंद सिंगलट्रॅक असेल तर थांबा, आधी तो ट्रेल सुधारा. मार्ग नसतात असं नाही. जेफरसन काउंटीच्याच सेंटेनियल कोन पार्कमध्ये शनिवार-रविवारी सम तारखेला सायकली आणि विषम तारखेला चालणारे अशी वाटणी केलेली आहे आणि लोक ती पाळतात. मेन राज्यातल्या अकेडिया नॅशनल पार्कमध्ये धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर ज्युनियरने बग्गीसाठी बांधलेले ४५ माईलचे कॅरेज रोड आहेत, मोटारगाड्यांपासून लांब राहावं म्हणूनच बांधलेले, तिथे क्लास १ चालते आणि थ्रॉटलवाली चालत नाही. रेषा तिथेच आखावी असं मलाही वाटतं.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे आणि तो जनावरांचा. ओरेगॉनमधल्या स्टार्की फॉरेस्टमध्ये एल्कना, म्हणजे इथल्या मोठ्या हरणांना, कॉलर लावून अभ्यास झालाय, त्यात एल्क एटीव्ही या चारचाकी रानगाड्यांपासून सगळ्यात लांब पळाले, त्याच्या खालोखाल माउंटन बाईकपासून, मग हायकर्स आणि घोडे. म्हणजे साध्या सायकलनेच त्रास होतो. त्यात बॅटरीमुळे जो माणूस आठ माईलवरून परत फिरला असता तो वीस माईल आत जातो, आणि तसे रोज पन्नास जण गेले तर आतला जो शांत पट्टा उरलाय तो उरणार नाही. म्हणून शहराला लागून असलेले, आधीच गजबजलेले ट्रेल्स आधी उघडा, दूरचे आतले तसेच ठेवा, आणि हिवाळ्यात एल्कसाठी जे ट्रेल्स बंद करतात ते सगळ्यांनाच बंद.

आता थ्रॉटलचं. इथे क्लास २ म्हणजे थ्रॉटलने २० माईलपर्यंत, क्लास ३ म्हणजे पेडल असिस्टने, म्हणजे पेडल मारताना मोटरची मदत घेत, २८ माईलपर्यंत, आणि मोटर ७५० वॉटपर्यंत चालते. भारतात २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच ती सायकल धरली जाते, म्हणजे मोटरच्या ताकदीची इथली मर्यादा मुळातच तिप्पट. त्यात भर म्हणजे ऑनलाइन मिळणाऱ्या काही गाड्या नावाला ई-बाईक, प्रत्यक्षात इलेक्ट्रिक मोटारसायकल, पेडल असलंच तर शोभेला, आणि पोरं त्या घेऊन ट्रेलवर येतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं तसं त्यांच्यामुळे पन्नाशीच्या, साठीच्या, निमूटपणे क्लास १ चालवणाऱ्या माणसाला लोक शिव्या घालतात. रेंजर तरी काय करणार, फ्रेमवरचा स्टिकर बघणार, पण सेटिंग बदलून वेगाची मर्यादा काढलेली असेल तर ते स्टिकरवर थोडंच दिसतं. थ्रॉटल मात्र हँडलवर दिसतो. म्हणून "थ्रॉटल दिसला की परत फिरा" हा नियम मला सगळ्यात राबवण्याजोगा वाटतो. अपंग व्यक्तींची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी कायद्यात मोटरवर चालणाऱ्या साधनांची स्वतंत्र तरतूद आहे आणि ती असायलाच हवी.

"मोटर लावली म्हणजे व्यायाम कसला, ही फसवणूक आहे" असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं की ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीने ३३ माउंटन बायकर्सवर अभ्यास केला होता, ई-बाईकवर त्यांचे हृदयाचे ठोके साध्या सायकलच्या ९४ टक्के भरले. आणि अभ्यास सोडा हो, ऑपरेशननंतर दीड वर्ष जो माणूस खिडकीतून डोंगर बघत बसला होता तो आता माझ्याबरोबर वरपर्यंत येतो, पाइनच्या सावलीत बसून डबा खातो. त्याला "तू इथला नाहीस" म्हणायचा हक्क माझ्यासारख्या धडधाकट गुडघ्यांच्या लोकांना कोणी दिला?

तुम्ही महाराष्ट्रातून विचारताय म्हणून एक आठवलं, माथेरान. तिथे मोटार वाहनांना बंदी, आणि ई-रिक्षा आणायची म्हटल्यावर कितीतरी वर्षं वाद, सुप्रीम कोर्टापर्यंत. तिथेही घोडेवाले एका बाजूला, हातरिक्षा ओढणारे दुसऱ्या बाजूला, आणि "आज ई-रिक्षा, उद्या टॅक्सी" ही भीती. ती भीती खोटी नसते, दार एकदा उघडलं की मागून काय आत येईल ते सांगता येत नाही, म्हणून दार किती उघडायचं ते आधी लिहून ठेवावं लागतं.

भावाला सांगा की निघायच्या आधी ट्रेल कोणाच्या जमिनीवर आहे ते बघायचं, ॲपवर लोकांनी टाकलेली माहिती नाही तर काउंटीची किंवा फॉरेस्टची स्वतःची साईट. घंटी लावायची, गर्दीत असिस्ट कमी करायचा, घोडा दिसला की थांबून आवाज द्यायचा आणि स्वार काय म्हणतो ते ऐकून मगच पुढे. आणि कुठल्याही ट्रेलचा नियम बदलायचा असला की ही खाती लोकांकडून लेखी सूचना मागवतात. तिथे "ई-बाईक हव्यात" एवढंच लिहू नका म्हणावं. अमुक ट्रेल, अमुक वळणावर समोरचं दिसत नाही, अमुक वाराला घोडे जास्त असतात, हा भाग एकेरी केला तर चालेल, असं लिहायचं. आमच्याकडे एका ट्रेलचा वरचा अर्धा भाग असाच फक्त उतरण्यासाठी झाला, आणि तसं सुचवणाऱ्यांत हायकर्सच जास्त होते.