गाडी उभी असली तरी ताशी वीस

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई नमस्कार. मी इंदूरला सुदामा नगरात राहतो, वय ६१. चाळीस वर्षं स्कूटर चालवतोय, एकदाही पडलेलो नाही. माझं जाणं म्हणजे भाजी, बँक, फार तर राजवाडा, आणि तिथल्या गर्दीत गाडी वीसच्या वर जातच नाही. हेल्मेट घातलं की मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. २०२५च्या १ ऑगस्टपासून हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असा कलेक्टर साहेबांचा आदेश निघाला तेव्हा मी पंपावर मागच्या मुलाचं हेल्मेट मागून घेतलं, पेट्रोल भरलं आणि परत दिलं, सगळेच तसं करत होते. खड्डे, राँग साइडनी येणारे, कुठेही थांबणाऱ्या ई-रिक्षा, त्यांना कोणी विचारत नाही आणि सक्ती आमच्याच डोक्यावर. डोकं माझं आहे, सरकारला काय त्याचं?

उत्तर: भाऊ, गाडी वीसच्या वर जातच नाही हे मला इंदुरात कोणी ना कोणी रोज सांगतं, म्हणून आधी तेच घेते. सीटवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. चौराह्यावर गाडी उभी असताना जरी तुम्ही आडवे झालात आणि हात टेकायला वेळ मिळाला नाही, तर डोकं रस्त्याला लागतं तेव्हा त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग गाडीचा नाही, पडण्याचा आहे, त्यामुळे तुम्ही कितीही हळू चालवा, तो कमी होत नाही आणि खाली डांबर असतं किंवा डिव्हायडरची कड. हेल्मेटमधलं थर्माकोल दबतं आणि डोक्याला थांबायला क्षणभर जास्त मिळतो, एवढंच त्याचं काम. कॉक्रेन ही संस्था जगभरचे अभ्यास एकत्र तपासते, त्यांनी २००८ साली ६१ अभ्यास पाहिले तर हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्के कमी होतो असं निघालं.

आता डोकं माझं आहे, याबद्दल. मी तीस वर्षं फिजिओथेरपी केली, त्यातली बरीचशी डोक्याला मार लागलेल्या लोकांबरोबर. कापडाच्या दुकानात हिशोब बघणारे एक गृहस्थ होते, घरापासून दोन गल्ल्यांवर पडले, हाड कुठेच मोडलं नव्हतं. शुद्धीवर आले तर मुलीला ओळखायचे पण तिचं नाव तोंडात येईना, चमचा हातात दिला तर त्याचं काय करायचं ते समजेना, आणि जन्मभर शांत असलेला माणूस बायकोच्या अंगावर पाण्याचा पेला फेकायचा. ती बाई तेव्हा चाळिशीची असेल. तिनं मला विचारलं, ताई हे परत कधी येतील, आणि ते तर समोरच खुर्चीत बसलेले होते. पुढे कितीतरी वर्षं तिनं त्यांना घास भरवले. म्हणून कोणी मला डोकं माझं आहे म्हणालं की मला तीच आठवते, आणि खरं सांगते, मला राग येतो.

खड्ड्यांचं आणि राँग साइडचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनं कलम १९८ए आलं, रस्ता ठरल्या मापदंडांप्रमाणे बांधला किंवा राखला नाही आणि त्यापायी कोणी गेलं किंवा अपंग झालं तर ठेकेदार असो की खातं, एक लाखापर्यंत दंड. हेल्मेटची चालानं कटतात त्याच जोरानं हे कलम वापरलेलं मला तरी दिसत नाही. तुमच्या पार्षदाला पत्र लिहा, मी सही करीन. पण भाऊ, खड्डे आहेत म्हणूनच तर हेल्मेट जास्त लागतं ना.

पंपावरचं वाचून वाईट वाटलं. तेव्हा एकानं दुधाच्या केनचं झाकण डोक्यावर ठेवून पेट्रोल भरल्याचा व्हिडिओ गावभर फिरला, लोक हसले, मला नाही हसू आलं. पंपावर माणूस पाच मिनिटं असतो आणि पडतो दुसरीकडेच, त्यामुळे नुसत्या पंपाच्या सक्तीनं भागणार नाही हे मलाही मान्य आहे. पण सक्तीच नको हे पटत नाही. ओला-सुका कचरा वेगळा करायलाही आपण आधी कुरकुरच केली होती, दंडाच्या धाकानं सुरू केलं, आणि आता आपण चुकलो तर नातवंडं रागावतात.

मानेचं म्हणाल तर बहुतेक साइज चुकलीय. दुकानात पट्टा लावून हेल्मेट मागून वर ढकलून बघा, निघून आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. मणक्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून हलकं घ्या, पण आयएसआयचंच, बिना आयएसआयचं विकणंच १ जून २०२१पासून बेकायदा आहे. आणि पट्टा लावा हो! कलम १२९मधे हेल्मेट पट्ट्यानं पक्कं बांधलेलं हवं असं लिहिलंय, नुसतं डोक्यावर ठेवलं तर उडून आधी तेच पडतं.

प्रश्न: माझ्या भावाला कारनी उडवलं, पायाला मार आहे. हेल्मेट नव्हतं म्हणून क्लेम मिळणार नाही असं ओळखीचे म्हणतात. खरं का? (राजेंद्र नगर, इंदूर)

उत्तर: नाही. हेल्मेट नव्हतं एवढ्यावरून क्लेम जात नाही. त्याच्या चुकीमुळे इजा वाढली असं सिद्ध झालं तर ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणारं न्यायालय, रक्कम कमी करू शकतं, पण मार पायाला आहे आणि पायाचा हेल्मेटशी संबंध नाही. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत तिथे अर्ज टाका, एफआयआर आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा, आणि ओळखीच्यांना नाही, वकिलाला विचारा.

प्रश्न: आई माझ्या मागे बसते. म्हणते बायकांना आणि मागच्याला हेल्मेट लागत नाही, शिवाय अंबाड्यावर ते बसतच नाही. माझा साडेतीन वर्षांचा मुलगा पुढे उभा असतो. काय करू? (तिलक नगर, इंदूर)

उत्तर: आई अगदीच चुकत नाहीत, मध्य प्रदेशच्या नियमात पूर्वी बायकांना सूट होती म्हणून ते डोक्यात बसलंय. पण आता केंद्राच्या कायद्यात चार वर्षांवरच्या सगळ्यांना हेल्मेट आहे, पुढचा असो की मागचा, सूट फक्त पगडी घालणाऱ्या शिखांना. केंद्र सरकारच्या २०२२च्या अहवालात हेल्मेट नसताना गेलेले ५०,०२९ लोक आहेत आणि त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. मागच्याला तर समोरचा खड्डाही दिसत नाही, सावरायला हातात हँडल नसतं, आणि साडी असली की एका बाजूला बसणं.

मुलाला पुढे उभं करणं मात्र आजच बंद करा, ब्रेक लागला की तो सरळ हँडलवर जातो. चार वर्षांखालच्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३पासून वेगळा नियम आहे, मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा हार्नेसचा पट्टा, मुलाच्या मापाचं हेल्मेट (सायकलचं चालतं) आणि वेग चाळीसच्या आत.

अंबाड्याचं सोपं आहे, गाडीवर जाताना मानेवर सैल वेणी घालायची, पोचल्यावर अंबाडा. आणि अंदाजानं आणू नका, आईंना दुकानात सोबत न्या, तीन-चार घालून बघू द्या, रंगही त्यांनाच निवडू द्या. माझ्या सासूबाईंनी लाल घेतलं होतं, मग त्या स्वतःच मागायच्या.