सोसायटीलगतच्या मोकळ्या जागेत मुलांसाठी निसर्गउद्यान करायचंय, सुरुवात कुठून करू?

ठाण्यात घोडबंदर रोडलाच आहात ना? मग आधी मुलांना घेऊन ओवळ्याची ओवळेकर वाडी, म्हणजे तिथलं फुलपाखरू उद्यान, बघून या. आणि लॉनचा मोह सोडा. फुलपाखरं मध कुठल्याही फुलावर पितील, पण अंडी ठरावीक झाडांवरच घालतात: रुईवर बिबळ्या कडवा, कढीपत्ता-लिंबावर बहुरूपी. आपलं राज्य फुलपाखरू राणी पाखरू (२०१५ पासून) हेही लिंबाच्याच जातकुळीतलं झाड शोधतं. रुईचा चीक मात्र मुलांच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका.

फवारणी पूर्ण बंद. खरं अवघड काम माळीकाकांना समजावणं. कुरतडलेलं पान दिसलं की त्यांचा हात पंपाकडे जातोच! आमच्याकडे शेवटी मुलांनाच अळ्यांची राखण दिली. रोज शाळेतून आल्यावर दप्तरासकट आधी कढीपत्त्याकडे धाव.